आहे, पण देत नाही

आषाढीच्या दिवशी सकाळी सव्वासातला मामाचा फोन आला. मी गॅलरीत चहा घेऊन उभा होतो, खालच्या मजल्यावरच्या काकू साबुदाणा नीट भिजला नाही म्हणून कुणावर तरी तापलेल्या, आणि बाहेर तो पुण्याचा नेहमीचा पाऊस, धड पडतही नाही आणि धड थांबतही नाही. मामा सकाळी फोन करत नाही कधी. त्याच्या घरात रेंज नाही, फोन करायचा म्हणजे देवळापर्यंतचा चढ चढून यायचं आणि पिंपळाखाली एका ठरलेल्या दगडावर उभं राहायचं, दगड सोडला की आवाज गेला. त्यामुळे त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की आधी पोटात गोळाच येतो. पण मामा खुशीत होता. म्हणाला, "आरं भाच्या, पूजा झाली बग सगळी, पार आरतीपातुर." मग हळूच म्हणाला, "पर ते तुजं मशीन रुसलंय. रातच्यालाच बंद पडलं. मग म्या टीव्हीच्या वायरी काडल्या आन् चिमटं लावलं डायरेक बॅटरीला."

मशीन म्हणजे मी त्याच्याकडे बसवलेल्या सोलरचा कंट्रोलर. आणि मी भडकलो. म्हणजे काय ते पूर्ण आठवून लिहायलाही आता लाज वाटते, पण लिहितो. म्हंटलं, मामा, तुला किती वेळा सांगितलं त्या वायरींना हात लावायचा नाही, मशीन बंद पडलं म्हणजे बॅटरी संपत आली म्हणून पडलं, ती वाचावी म्हणूनच बंद पडलं ना, अशी पिळून काढलीस तर वर्षात मरेल ती, आणि टीव्हीवरची पूजा काय, नंतर यूट्यूबवर आख्खी बघता येते. हे शेवटचं वाक्य मी अशा माणसाला ऐकवत होतो जो पावसात दगडावर उभा राहून माझ्याशी बोलत होता. पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग मामा म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'नं माझी एकादशी खाल्ली.

मामाची वाडी केळदच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. तोरणा समोर दिसतो, म्हणजे दिवाळीनंतर दिसतो, पावसाळ्यात समोर नुसती पांढरी भिंत असते. लाईट आलेली आहे वाडीत, नाही असं नाही, पण जूनमध्ये पहिला वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि मग आठ दिवस, दहा दिवस कोण येतंय बघायला. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे असायचो तेव्हा कंदील होते. संध्याकाळी मामी राखेनं काचा पुसायची, रॉकेल भरायची, वात कात्रीनं सारखी करायची, आणि ते सगळं होईपर्यंत आम्ही पोरं ओट्यावर गप्प बसायचो, कारण त्या अर्ध्या तासात अंधार खरंच आत यायचा. आता रेशनवरचं रॉकेल बंद झालं, कंदील माळ्यावर गेले. चार वर्षांपूर्वी मामीचा पाय अंधारात पायरीवरून घसरला तेव्हा मी ठरवलं की आता सोलर बसवायचं. आपल्याच हातानं. हिंजवडीत बसून दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाला अशी एखादी हाताला लागणारी सिस्टिम पाहिजे असते, हे कारण तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सामान तापकीर गल्लीतून घेतलं. शंभर वॅटची दोन पॅनल, दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, वीस अँपिअरचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे मध्ये बसून बॅटरी किती भरायची आणि किती उपसू द्यायची ते ठरवणारा डबा, टीव्हीसाठी एक पिटुकला इन्व्हर्टर. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत शनिवारी दुपारी उभं राहणं ही एक वेगळीच साधना आहे, खांद्यावर वायरची भेंडोळी घेतलेली पोरं आपल्या पायावरून जातात आणि वर आपल्यालाच म्हणतात, काका बाजूला. दुकानदाराला मी मोठ्या तोऱ्यात एमपीपीटीबद्दल, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या भारीतल्या कंट्रोलरबद्दल विचारलं. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "दोनशे वॅटला कशाला एमपीपीटी साहेब, पीडब्ल्यूएम न्या, निवांत चालंल." हिशोबाला ते थोडं चूक होतं. पॅनल अठरा व्होल्टला मनापासून काम करतं आणि पीडब्ल्यूएमवाला साधा कंट्रोलर त्याला बॅटरीच्या तेरा-साडेतेरावर खेचून आणतो, मधला फरक वाया. जवळजवळ पाव हिस्सा असाच जातो. पण मला पैसे वाचवायचे होते आणि त्याला डबा उघडायचा होता, त्यामुळे पटकन पटलं. निघताना मात्र त्यानं मान वर केली आणि बोटं मोजून सांगितलं, "आधी बॅटरी, मग पॅनल, मग लोड, म्हणजे दिवे-टीव्ही. काढताना उलटं. हे चुकवू नका, बाकी काय बी करा."

मी लगेच चुकवलं.

झालं असं की सामान वाडीवर न्यायच्या आधी कोथरूडच्या घरी ट्रायल घ्यावी म्हणून पॅनल गॅलरीत उन्हाला उभं केलं, आणि बॅटरी होती पार्किंगमध्ये, पन्नास-साठ किलोचं ते धूड वर आणायला शेजारचा मुलगा येईपर्यंत म्हंटलं पॅनल तर जोडून बघू. जोडलं. स्क्रीन उजळली, आनंद झाला, बायकोला हाक मारून दाखवलं. मग बॅटरी आली, ती जोडली आणि आम्ही जेवायला बसलो. तासाभराने गॅलरीतून डाळ शिजताना येतो तसा आवाज यायला लागला, बुडबुड बुडबुड, आणि एक आंबट, घशाला टोचणारा वास. धावत जाऊन पाहिलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात २४ व्होल्ट. म्हणजे त्या बिचाऱ्या डब्यानं जागं झाल्यावर आजूबाजूला काय आहे ते चाचपून बघितलं, त्याला बॅटरी दिसलीच नाही, दिसलं ते मोकळ्या पॅनलचं बावीस व्होल्ट, आणि त्यानं समज करून घेतला की आपण चोवीस व्होल्टच्या घरात नांदायला आलोय. मग बारा व्होल्टच्या बॅटरीला तो अठ्ठावीसपर्यंत भरायच्या नादाला लागला. उन्हं उतरायला लागलेली म्हणून वाचलो. तेव्हापासून ते 'आधी बॅटरी' मला घरात पहिलं पाऊल कोणतं टाकायचं त्यासारखं वाटतं. ज्याच्यासाठी आलास त्याला आधी भेट, त्याची ताकद बघ, मग बाकीचे.

वाडीवर सगळं बसवलं तो जानेवारी होता. अंगणात लोखंडी अँगलवर पॅनल, तोंड दक्षिणेला, कल अठरा-एकोणीस अंशाचा, कारण आपण साडेअठरा अक्षांशावर बसलोय. कंट्रोलर आणि बॅटरी पडवीत. कंट्रोलर शक्यतो बॅटरीपाशीच पाहिजे, कारण तो आपल्या अंगाला लागणाऱ्या उकाड्यावरून बॅटरीच्या अंगातला ताप ओळखतो आणि त्याप्रमाणे व्होल्टेज खालीवर करतो, एका अंशाला अठरा-वीस मिलिव्होल्टच्या आसपास, ऊन वाढलं की कमी, थंडी पडली की जास्त. म्हणून मी त्याला चुलीच्या भिंतीपासून लांब नेलं. एवढा विचार केला. आणि वायव्येला उभा असलेला मामाचा फणस मात्र माझ्या डोळ्यांत आलाच नाही, कारण जानेवारीत सूर्य मावळतो तो पार नैऋत्येला, फणसाची सावली पॅनलच्या वाटेला जात नाही. जूनमध्ये तोच सूर्य वायव्येकडे मावळायला जातो. पुण्यात १३ मेच्या सुमारास सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि मग जुलैअखेरपर्यंत तो आपल्या उत्तरेलाच असतो. हे मला भूगोलात येत होतं, अंगणात येत नव्हतं. संध्याकाळचं जे काय थोडं ऊन पावसाळ्यात मिळायचं ते फणस खाऊन टाकायचा. आणि पॅनलवर सावली अर्धी पडली की वीज अर्धी होते असं नसतं, सगळे सेल एका माळेत ओवलेले, चार सेल झाकले तरी माळ अडखळते. मामानं पहिल्याच पावसाळ्यात मला हे विचारलं होतं, "फणसाखाली दुपार कलली की काटा पडतो, का रं?" मी म्हणालो, ढग असतील.

मामाला हे यंत्र माझ्याआधी कळलं, हे मान्य करायला मला चार वर्षं लागली. तो पूर्वी वाडीचं दूध गोळा करून डेअरीला घालायचा, त्यामुळे मी बॅटरीचं हायड्रोमीटर काढून मोठ्या प्रस्तावनेसह समजवायला गेलो तर म्हणाला, "हे तर लॅक्टोमीटर." खरंच तेच. दुधात पाणी किती ते सांगतं, हे ॲसिडात पाणी किती ते सांगतं. भरलेल्या ट्यूब्युलरमध्ये १.२४० च्या आसपास तरंगतं, उतरत गेली की आकडा खाली खाली. गॅस्टन प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं ही शिसं-ॲसिडची बॅटरी केली १८५९ साली, म्हणजे सत्तावनच्या बंडानंतर दोनच वर्षांनी, आणि अजूनही मामाच्या पडवीत ती तशीच, शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिड. तिची नाडी बघायचं काम मामा दर अमावस्येला करतो. डिस्टिल्ड वॉटर घालतो, ते पण संध्याकाळी, चार्जिंग झाल्यावर. चिमणी घेऊन तिच्यावर वाकायचं नाही, तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, हे एकदाच सांगितलं होतं, तेव्हापासून तो पडवीत बिडीसुद्धा ओढत नाही. खंडेनवमीला कोयता, कुदळ, नांगराचा फाळ यांच्या रांगेत बॅटरीलाही झेंडूचं फूल आणि हळदकुंकू असतं. कंट्रोलरला फक्त कुंकू, फूल खोचायला जागा नाही म्हणून.

आणि कॅलेंडर. चुलीच्या खोलीच्या दाराशी जे कॅलेंडर लटकतं त्यात दर तारखेच्या चौकटीत मामा एक आकडा लिहितो. १२.४. १२.५. १२.१. सकाळी सकाळी, ऊन पॅनलवर यायच्या आधी. ही वेळ मी सांगितलेली नाही. मी त्याला संध्याकाळी बघ म्हणालो होतो, दिवसभर चार्जिंग झाल्यावर. त्यानं आठवडाभर बघितलं आणि मला म्हणाला, सांजचा आकडा खोटा असतो. अगदी खरं आहे, चार्जिंगहून नुकती सुटलेली बॅटरी फुशारकी मारते, साडेतेरा दाखवेल, रात्रभर गप्प पडू दिली की साडेबाराच्या आसपास खरं काय ते बोलते. "जत्रंतून आलेल्या गड्याला इचारू न्हाई पैकं किती हायेत," हे मामाचं वाक्य.

मामीचं वेगळंच. कंट्रोलरच्या स्क्रीनवर सूर्याचं चित्र, बाणाचं चित्र आणि बॅटरीचं चित्र असतं. ती एकदा म्हणाली, "सकाळी बाण पळतो, मग दुपारी नुसता लुकलुकतो, ऊन तर तवाच जास्त असतं, मग हा आळशी का होतो?" मी आपला सुरू झालो, बल्क, ॲब्सॉर्प्शन, फ्लोट. पहिल्या टप्प्यात पॅनल देईल तेवढं सगळं ओतायचं, मग १४.४ ला पोचलं की व्होल्टेज तिथंच धरून करंट हळूहळू कमी करायचा, आणि शेवटी साडेतेरा-पावणेचौदावर नुसतं निभावून न्यायचं. मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि समोरच्या कणगीकडे हात केला. म्हणाली, पायलीनं भात मापतो तसं ना मग. आधी भसाभस ओतायचं, मग माप जरा हलवायचं, ठोकायचं, म्हणजे दाणा खाली बसतो, मग मुठीमुठीनं घालायचं, आणि शीग लागली की एकेक दाणा, जास्त घातला की सांडणारच. मला आजवर यापेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं नाही. तो ठोकण्याचा वेळच माणसं देत नाहीत आणि मग बॅटरी दोन वर्षांत गेली म्हणून दुकानदाराशी भांडतात.

तर अशी ही माणसं. यांना मी एकादशीच्या सकाळी बॅटरी कशी वापरायची ते शिकवत होतो.

मामी आणि मामा पंधरा वर्षं वारी करायचे. माऊलींची पालखी पुण्यात आली की मुक्काम भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळात, आणि त्यांची दिंडी जवळच्या एका शाळेत उतरायची. मी स्कूटरवरून भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन जायचो. शाळेच्या व्हरांड्यात ओल्या लुगड्यांचा, अमृतांजनाचा आणि दमलेल्या पायांचा एक वास असायचा, आणि त्यात मामी कुणाच्या तरी टाचेला तेल चोळत बसलेली असायची. मग पुढे दिवे घाट. आता गुडघ्यांनी बंद झालं सगळं. म्हणून मग टीव्हीवरची शासकीय महापूजा. पहाटे अडीचच्या सुमाराला असते ती, मराठी चॅनेलवर लाइव्ह. मामी मुख्यमंत्र्यांना बघायला जागत नाही. दर्शनाच्या रांगेतून जे मानाचं वारकरी जोडपं पूजेला निवडतात ना, त्यांना बघायला जागते. कोण आहेत, कुठले आहेत, त्या बाईनं कोणतं लुगडं नेसलंय, तिचा हात थरथरतोय का. वर्षभर तिच्या बोलण्यात ते जोडपं असतं. रांगेत तासन् तास उभं राहून अचानक कुणीतरी म्हणतं चला आत, एवढंच तिला पुन्हापुन्हा ऐकायचं असतं.

यंदा एकादशीच्या आधी नऊ दिवस पाऊस खळला नव्हता. लाईट गेलेली पाचव्या दिवसापासून. काळ्याकुट्ट ढगाखाली दोनशे वॅटची पॅनल दुपारी बारालाही वीस-पंचवीस वॅटवर कण्हत असतात. मामाच्या कॅलेंडरमध्ये ते नंतर मी बघितलं, १२.४, १२.३, १२.३, १२.२, आणि दशमीला १२.२ च्या पुढे एक छोटासा आडवा डॅश. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपासून एकही दिवा लावला नव्हता. मामी चुलीच्या उजेडात वावरली. टीव्हीसाठी राखून ठेवलं. दोनला टीव्ही लावला, इन्व्हर्टर धरून पन्नासेक वॅट, आणि पूजा सुरू होऊन वारकऱ्यांचं जोडपं आत येतंय न येतंय तोच टक्. कंट्रोलरनं लोड तोडला. लाल दिवा.

मामा टॉर्च घेऊन पडवीत गेला तर स्क्रीनवर १२.१. हे त्यानं मला नंतर सांगितलं, अगदी हसत हसत. "म्हंटलं बारा तर दावतंय की, मग देत का न्हाई? हाये, पर देत न्हाई. सावकार हाय का काय ह्यो?" आता यात कंट्रोलरचं काही चुकलेलं नव्हतं. बॅटरीवर ओझं असताना व्होल्टेज वाकतं, ओझं काढलं की पुन्हा ताठ होतं, आणि तेवढ्यावर विश्वास ठेवून त्यानं लोड लगेच परत जोडला तर परत वाकणार, परत तोडणार, रात्रभर टक्-टक्-टक्. म्हणून तोडायचा आकडा वेगळा आणि जोडायचा वेगळा, मध्ये मुद्दाम दरी. मामाकडे जोडायचा आकडा होता १२.६. म्हणजे आता ऊन आल्याशिवाय नाही. आणि तोडायचा होता ११.८.

या ११.८ वर मी येतो.

एकादशीच्या रात्री झोप येईना तेव्हा मी कंट्रोलरचं मॅन्युअल काढलं. घडी घालून घालून कातरलेला तो कागद, मुंगीएवढी अक्षरं, इंग्रजी असं की वाचताना दोनदा थांबावं लागतं. म्हंटलं मामाला नीट समजेल असं मराठीत लिहून पाठवू, काय करायचं काय नाही. दुसऱ्याच पानावर चौकटीत लिहिलेलं, इन्व्हर्टर लोडच्या टर्मिनलला जोडू नये, थेट बॅटरीला जोडावा. कारण इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर एकदम मोठा करंट ओढतो आणि कंट्रोलरच्या आतले मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, जळू शकतात. थेट बॅटरीला. चिमटे लावून, फ्यूज घालून. म्हणजे मामानं रात्री अडीचला टॉर्च दातात धरून जे केलं ते मॅन्युअलप्रमाणे बरोबर होतं, एक फ्यूज सोडून. आणि मी चार वर्षांपूर्वी जे केलं होतं ते चूक. मी इन्व्हर्टर मुद्दाम कंट्रोलरच्या मागे टाकला होता, टीव्हीवर माझा लगाम राहावा म्हणून. म्हातारी माणसं, टीव्ही लावून झोपून जातील, बॅटरी बसेल, असं काहीतरी मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो.

आणि पुढच्या पानावर टेबल. लो व्होल्टेज डिसकनेक्ट, फॅक्टरी सेटिंग ११.१. आमच्याकडचं ११.८ मी ठेवलेलं. कोथरूडच्या त्याच गॅलरीत, ट्यूबलाईटखाली, बटण दाबून धरून, आकडा लुकलुकायला लागल्यावर वर वर नेत. बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून. ते चूक आहे असंही नाही, शिशाच्या बॅटरीला रोज तळापर्यंत उपसलं आणि तशीच रिकामी ठेवली तर पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते मग निघत नाहीत. अर्ध्यावर थांबणं शहाणपणाचंच. पण रोजचं आणि एका रात्रीचं यात काही फरक आहे का नाही? ११.१ आणि ११.८ च्या मध्ये त्या रात्री पूजा आख्खी मावली असती आणि उरली असती. एका रात्रीनं बॅटरी मेली नसती, दुसऱ्या दिवशी थोडं ऊन पडलं, तिसऱ्या दिवशी ती होती तशी झाली. मला हे फोनवर ओरडतानाही माहीत होतं, हे जास्त टोचतं. मी बॅटरीच्या काळजीनं ओरडत नव्हतो. मी केलेल्या गोष्टीला कुणीतरी न विचारता हात लावला, म्हणून ओरडत होतो.

दीड आठवड्याने रविवारी गेलो. सिंहगड रोडची ती दर पावसाळी रविवारची गर्दी, खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं भाजायच्या धुरात अर्धा तास अडकलो, मग खानापूरवरून पाबे घाट. घाटात समोरचं दिसत नव्हतं, वायपर आणि हेडलाईट आणि देव. वाडीत पोचलो तर मामी भात लावणीच्या चिखलाचे पाय धूत होती, गुडघे दुखत असताना शेतात कशाला गेलीस म्हणून मी सुरू होणार होतो, गप्प बसलो. मला बघितल्यावर तिनं पहिलं काय सांगितलं असेल तर वारकऱ्यांच्या जोडप्याबद्दल. आरतीच्या वेळी त्या बाईनं ताट कसं धरलं, नवऱ्याकडे कशी बघितली. मी विचारलं, नीट दिसलं का? म्हणाली, "दिसलं की. पर ते तुजं डबडं सारखं कुई कुई करत हुतं, अभिषेक चालला आन् ह्याचं आपलं कुत्र्याच्या पिल्लावानी." तो इन्व्हर्टरचा लो बॅटरीचा अलार्म. बॅटरी उतरत आली की ओरडतो. म्हणजे बरीच उतरलीच होती बिचारी, मामाने नंतर सकाळीच चिमटे काढले.

काम तासाभराचं होतं. आधी लोड काढला, मग पॅनल, मग बॅटरी, उलट्या क्रमानं. इन्व्हर्टर थेट बॅटरीला घेतला, मध्ये फ्यूज आणि एक जाडा स्विच, दाराशेजारी मामाच्या हाताशी. दिवे राहिले कंट्रोलरवर. मग पुन्हा आधी बॅटरी. मामा माझ्या मागे उकिडवा बसून बघत होता आणि प्रत्येक स्क्रूला विचारत होता, मी पण पहिल्यांदाच सगळं सांगत होतो. बटण दाबून धरायला त्यालाच लावलं. आकडा लुकलुकायला लागला. त्याचा अंगठा जाड, भेगाळलेला, बटणापेक्षा मोठा, त्यामुळे एका दाबात दोनदोन आकडे सरकायचे आणि परत फिरून यावं लागायचं. ११.८ वरून ११.१ वर यायला पाचेक मिनिटं गेली. फणसाचं काय करायचं ते मामानं आधीच ठरवलेलं होतं, वायव्येची एक फांदी त्यानं उतरवून अंगणात सरपणाला रचली होती. मला विचारलं नव्हतं.

निघताना त्यानं डिकीत आंबेमोहोराची गोणी टाकली, नको म्हंटलं तरी. पाऊस जरा उघडलेला, समोरच्या पांढऱ्या भिंतीत तोरण्याची नुसती एक काळी रेघ दिसत होती. डिकीचं झाकण धरून तो म्हणाला, "एक इचारू का? ते अकरा पॉइंट आठ मशीनमधी कंपनीनंच घातल्यालं व्हतं, का तू?"

मी चावी हातात फिरवत होतो.

"कंपनीचंच असतं ते," मी म्हणालो.

मामानं डिकी लावली. दोनदा थापटून नीट बसली का ते बघितलं.

"बरं," म्हणाला.